खाजाभाईचा अर्धा सौदा

मिरजगावच्या खाजाभाईला तुम्ही ओळखत नसाल तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर तुमच्या घरात कुणी कधी म्हैस पाळली नाही, किंवा पाळली असेल तर ती तुम्ही महाग घेतली. घोडेगावचा शुक्रवार असो की काष्टीचा शनिवार, खाजाभाई दलाल आला म्हटलं की माणसं सरकून वाट देतात. मी भिमाजी, त्याच्याच गावचा आणि त्याच्याच धंद्यातला. तो बहुतेक घेणाऱ्याच्या बाजूने उभा असतो, मी विकणाऱ्याच्या. म्हणजे उभ्या आयुष्यात आम्ही एकमेकांचा हात जितका धरला तितका आपापल्या बायकोचाही धरला नसेल. हे माझी बायको म्हणते, मी नव्हे.

ज्यांना गुरांचा बाजार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोन दलाल समोरासमोर येतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात. किती बोटं धरली, की अख्खा पंजाच धरला, यावरून आकडा कळतो. भोवती माणसं माना उंचावून उभी असतात, पण आत काय चाललंय ते कुणाला समजत नाही. आता म्हशीचा व्हिडिओ मोबाईलवर येतो, धार काढतानाचासुद्धा येतो, पैसेही फोनवरून जातात, पण रुमाल काही सुटलेला नाही. या धंद्यात दोन गोष्टी पाळाव्याच लागतात. हात काय बोलायचं ते बोलेल, तोंडावरची रेष हलता कामा नये. आणि रुमालाखाली हात गेला की सौदा पटेल नाहीतर तुटेल, अर्धा ठेवून उठायचं नाही. उठलाच कुणी, तर तो पुरा करायला त्याला परत यावंच लागतं, मग मध्ये लग्न येवो नाहीतर मयत.

खाजाभाईचा चेहरा म्हणजे जुम्म्याच्या दुपारचं बंद दुकान. आत माल किती, कसला, काही पत्ता लागायचा नाही. म्हशीने लाथ झाडून त्याचं धोतर फाडलं तरी हा असा उभा, जसं धोतर दुसऱ्याचंच. हो, धोतरच. शेख असून धोतर नेसतो, डोक्याला फेटा बांधतो, आणि कुणी विचारलं तर म्हणतो, “म्हशीला पायजमा वळखू येत न्हाई.”

आणि अशा या माणसाचा चेहरा चार-पाच वर्षांपूर्वी एकाएकी लाल व्हायला लागला.

मी स्वतः पाहिलं. घोडेगावात एका जाफराबादी म्हशीचा सौदा चालला होता. माझा हात त्याच्या हातात होता, भाव अडला होता, आणि बघता बघता याच्या मानेतून लाली वर चढली. गळा, गाल, कपाळ, कानाच्या पाळ्या, सगळं लालबुंद. मला वाटलं आता हा मला फेट्यासकट तुडवतो. विकणारा शेतकरी माझ्या मागे उभा होता, तो माझ्या कानात पुटपुटला, “भिमाजी, द्या देऊन. खाजाभाई तापलाय. ह्यो शेवटचा आकडा, आता हात सोडून जाईल.” म्हैस गेली. चांगली वर जाणारी म्हैस त्या लालीच्या धसक्याने खाली गेली.

झालं. पुढच्या बाजारापर्यंत ही गोष्ट कर्जत, जामखेड, नेवासं अशी सगळीकडे पोचली. खाजाभाई लाल झाला म्हणजे शेवटचा भाव. आमच्या बाजाराला माणसाच्या तोंडावरून आकडा वाचायची खोड आहेच, त्यात आयतं पुस्तक हाती आलं. शहाणी शहाणी माणसं त्या लालीला भिऊन म्हशी सोडू लागली. चेहरा तापल्यागत होतो हे खाजाभाईला आतून कळायचंच. बाजार त्याचा काय अर्थ लावतो हेही त्याच्या कानावर आलं, आणि त्याने काय करावं? दवाखान्यात जावं? छे. त्याने शोधून काढलं की झणझणीत मिसळ खाल्ली, वर कढत चहा प्याला, की लाली हमखास येते. तेव्हापासून मोठा सौदा असला की खाजाभाई आधी मिसळच्या गाड्यावर.

“आरं, देवानं दिलीय देणगी, वापरू नको का?” असं तो मलाच तोंडावर सांगायचा. मीही सांगतो, त्याच्या त्या देणगीपायी माझं जेवढं नुकसान झालं तेवढं दुष्काळानेही केलं नाही.

आता त्या लालीच्या पाठोपाठ त्याला पोटाचीही घाई व्हायची. सौदा पटला रे पटला की हा पाण्याची बाटली घेऊन बाभळींच्या दिशेने पळत सुटायचा. लोक म्हणायचे मिसळ बाधली. काही नतद्रष्ट म्हणायचे, प्यालेला असतो, म्हणून तोंड लाल. ज्या माणसाने जन्मात सोड्याची बाटली तोंडाला लावली नाही त्याच्याबद्दल हे. एकाची कॉलर तर मी धरली होती. गावातल्या डॉक्टरांनी पित्त सांगितलं. मेहताबभाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, आमसुलाचं पाणी करून करून घरातली आमसुलं संपवली. पण मनातून खाजाभाईला ते बरं व्हायला नकोच होतं. धंदा तेजीत होता.

मग पाय सुजले. आधी संध्याकाळपुरते, मग सकाळीही. चपलेचा अंगठा तुटला, दुसरी घेतली, तीही होईना. पोट पुढे आलं. टेम्पोतून उतरून म्हशींच्या दावणीपर्यंत चालायचं तर हा दोनदा थांबायचा आणि थांबल्यावर दुसऱ्याच्या म्हशीची शेपटी बघतोय असं दाखवायचा. दलाल तो दलालच.

एका सकाळी मेहताबभाभी आमच्या अंगणात आल्या. या बाई कधी कुणाकडे काही मागायला आलेल्या मी पाहिल्या नाहीत. “भिमाभाऊ,” त्या म्हणाल्या, “त्यांच्या पायात बोट रुततंय. दाबलं की खड्डा पडतो, आणि तसाच राहतो. माझं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतील.”

माझं तो ऐकणार नव्हता हे मला माहीत होतं. म्हणून मी त्याला सांगितलं की भिंगारला एका फौजी माणसाची म्हैस विकायची आहे. खाजाभाईच्याच मुलाचा, आवेजचा, टेम्पो काढला. नगरमध्ये शिरल्यावर आवेजने टेम्पो भिंगारकडे न नेता एका हृदयाच्या डॉक्टरांच्या दारात उभा केला. खाजाभाईने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “फौजी आजारी हाय व्हय?”

डॉक्टर निकिता म्हणजे वयाने आमच्या मुलींएवढी पोर. तिने खाजाभाईला आडवं केलं, छातीवर थंडगार काहीतरी लावलं आणि यंत्र फिरवत पडद्याकडे बघत बसली. बघतच बसली. मी तिच्या तोंडावरून काही कळतंय का ते पाहत होतो, सवयीने. आधी तिच्या भुवया वर गेल्या, मग ती खुर्चीत पुढे सरकली.

“काका, तुमच्या हृदयाची डावी बाजू धडधाकट आहे. बिघडल्यात त्या उजव्या बाजूच्या झडपा. जाड झाल्यात, आखडल्यात, मिटतच नाहीत नीट. असं सहसा दिसत नाही.” मग तिने यंत्र बाजूला ठेवलं. “मला एक सांगा. तुमचा चेहरा कधी अचानक लाल होतो का?”

खाजाभाईच्या तोंडावरची रेष हलली नाही. “न्हाई.”

“जुलाब होतात? वारंवार?”

“न्हाई.”

“नीट आठवून सांगा. हे महत्त्वाचं आहे. हो असेल तर सगळा तपासच वेगळ्या दिशेने करावा लागेल.”

“न्हाई म्हनलं ना मॅडम.”

मी चाट पडलो. मग माझ्या लक्षात आलं. पडद्यापलीकडे नंबर लावून एक माणूस बसला होता, काष्टीच्या बाजारातला जुना व्यापारी. आम्ही आत येताना त्याने खाजाभाईला रामराम घातला होता. आणि ही लाली म्हणजे रोग आहे असं जर त्या माणसाच्या कानावर गेलं, तर शनिवारी अख्ख्या बाजाराला कळणार, आणि मग त्या लालीला कोण भिणार? हा माणूस जीव टांगणीला लावून धंद्याचं गुपित सांभाळत होता.

माझं डोकं फिरलं. “होतो!” मी ओरडलोच. “मॅडम, होतो हा लाल! टोमॅटोसारखा होतो! मिसळ खाऊन मुद्दाम होतो! आणि मग बाटली घेऊन पळतो!”

“भिम्या!” खाजाभाई तपासणीच्या खाटेवर उठून बसला. “भिम्या, तुला लाज न्हाई? माझ्या धंद्यावर उठलास?”

“तुझ्या मढ्याला जाळायचाय का तुझा धंदा?”

“मला पुरत्यात, जाळत न्हाईत!”

आणि बोलता बोलता त्याच्या मानेतून ती लाली निघाली. गळा, गाल, कपाळ, कान. अगदी घोडेगावसारखी. डॉक्टर पोरगी टाळी वाजवायचीच राहिली होती. तिने आधी त्याला निजवलं, नाडी धरली, आणि मग विचारून फोनवर त्याचा फोटो काढला. पडद्याच्या फटीतून काष्टीचा व्यापारी बघत होता. तो म्हणाला, “शेवटचा भाव झाला का?”

निकिता मॅडमनी आम्हाला समजेल असं सांगितलं. खाजाभाईच्या लहान आतड्यात एक गाठ असावी आणि तिची पिल्लं काळजात, म्हणजे यकृतात, गेलेली असावीत. ही गाठ रक्तात एक रसायन सोडते. त्याच्यानेच तोंड लाल होतं, पोट बिघडतं. तेच रसायन रक्तातून हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतं आणि तिथल्या झडपांवर थर चढवतं. पुढे फुप्फुसात त्याचा जोर मोडतो, म्हणून डावी बाजू वाचते. झडप गोठ्याच्या फाटकासारखी. ती मिटली नाही की गेलेलं रक्त मागे फिरतं, आणि मग पाय सुजतात, पोटात पाणी होतं. गाठीचं नाव न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, आणि तिच्यामुळे हृदयाचं जे होतं त्याला कार्सिनॉइड हार्ट डिसीज म्हणतात. खाजाभाईने ते नाव तीनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाला, “नाव तर जर्सी गायीवानी हाय.”

“कॅन्सर हाय का मॅडम?” त्याने मग सरळ विचारलं.

“त्याच जातीतला आहे, काका. पण चाल मंद असते. वर्षानुवर्षं माणसं त्याच्यासकट जगतात.”

“म्हंजी रेड्याच्या चालीचा,” खाजाभाई म्हणाला. परतताना टेम्पोत मात्र तो धोतर वर करून पायाच्या सुजेत बोट रुतवून बघत होता. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मला भीती वाटत होती.

पुढे तपासण्या झाल्या. एकीत पूर्ण दिवसाची लघवी साठवून न्यायची होती, आणि त्याच्या आधी केळी, टोमॅटो, अननस असलं काही खायचं नव्हतं. दवाखान्याने डबा दिला होता, पण तो मेहताबभाभींनी दुधाच्या किटल्यांपासून लांब, पार अंगणाच्या टोकाला ठेवला आणि घरातल्या सगळ्यांना दटावून ठेवलं. नगरला डबा पोचता केल्यावर खाजाभाईने तिथल्या मुलाला विचारलं, “फॅट किती लागली?” तो पोरगा नगर शहरातला, त्याला डेअरीतली गंमत काय कळणार. पण तपासणीत जे लागायचं ते लागलं. मॅडमचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. गाठ आतड्यात होती, पिल्लं यकृतात होती.

महिन्याला एक इंजेक्शन सुरू झालं. सुई अशी जाड की खाजाभाई म्हणाला, ही आपल्या गुरांच्या डॉक्टरकडून मागवली असणार. इंजेक्शनाने कमाल केली. दोन महिन्यांत लाली गेली, बाभळीकडची धाव थांबली. आणि बाजारात हाहाकार उडाला. खाजाभाईने मिसळच्या दोन प्लेटा चोरून हाणल्या तरी कान लाल होईनात. विकणारे त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, लाली येईना, म्हणून भाव सोडीनात. त्या काळात मी त्याच्याविरुद्ध जितक्या म्हशी चढ्या भावाने विकल्या तितक्या आधी कधी विकल्या नव्हत्या. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

पण पायाची सूज जाईना. औषधाने ओसरायची, पुन्हा चढायची. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, “इंजेक्शनाने रसायन दबलंय, पण झडपांचा झालेला बिघाड भरून येत नाही. दोन्ही झडपा बदलाव्या लागतील. पुण्याला. ऑपरेशन मोठं आहे, धोका आहे, मी लपवणार नाही. पण नाही केलं तर हृदय थकत जाईल. मग गाठ मंद चालीची असून उपयोग नाही, हृदयच आधी थांबेल.”

“झडप कसली बसवत्यात?” खाजाभाईने विचारलं.

“गुरांच्या हृदयावर एक पातळ आवरण असतं. त्याच्यापासून बनवलेली बसवतात.”

“डुकराचं तर न्हाई ना?”

“तसलीही मिळते, पण तुमच्यासाठी ती घेणार नाही. सर्जनशी मी आधीच बोलले.”

खाजाभाई खुर्चीत सावरून बसला. आता विषय त्याच्या धंद्यात आला होता. “जनावराचं वय काय, किती दाती हुतं? कुठल्या बाजारचं? बघून घेता येत न्हाई का?” मॅडम हसायला लागल्या. “आयुष्यभर मी गुरं इकली,” तो मला म्हणाला, “आन आता गूरच माझ्या छातीत दावनीला.”

मग त्याने फेट्याचा शेमला सोडला आणि मांडीवर पसरला. “मॅडम, मी भाव केल्याबिगर काय घेत न्हाई. तुमच्या बाजूनं भिमाजी हुभा ऱ्हाईल.”

अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्या कापडाखाली हात घातला. मॅडम टेबलावर कोपर टेकून बघत होत्या. मी दोन बोटं धरली, म्हणजे दोन्ही झडपा. त्याने माझं एकच बोट दाबलं. एकच बदला, दुसरीचं पुढच्या बाजाराला बघू. मी पुन्हा दोन. तो पुन्हा एक. चेहरा बंद दुकान. पण हात? इतक्या वर्षांत मी तो हात हजारदा धरला असेल, घामेजलेला, शेणाने माखलेला, तापलेला. त्या दिवशी तो गार पडला होता. खाजाभाई घाबरला होता. हे मॅडमना कळलं नाही, दारात उभ्या मेहताबभाभींनाही कळलं नाही, ते फक्त मला कळलं. मी दोन बोटं सोडलीच नाहीत. घट्ट धरून ठेवली. बऱ्याच वेळाने त्याने माझी दोन बोटं दाबली आणि कापड ओढून घेतलं.

“पटला,” तो म्हणाला. “लई महाग दलाल ठेवलाय मॅडम तुमी.”

पुण्याला भरती झाला. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी त्याच्या खाटेशी बसलो होतो. भूल देणारे डॉक्टर येऊन सांगून गेले होते की या गाठीची माणसं भुलेत कधीकधी दगा देतात, गाठ एकदम सगळं रसायन ओतते. म्हणून ते महिन्याच्या इंजेक्शनातलंच औषध शिरेतून सारखं चालू ठेवणार होते. भाभी तोंडाला पदर लावून खिडकीशी उभ्या होत्या. खाजाभाई त्यांच्याकडे बघून म्हणाला, “भिमाजी, तुझी चांदी इकतोस का?”

चांदी म्हणजे माझी पंढरपुरी म्हैस. शिंगं खांद्याच्या मागे गेलेली, कपाळावर पांढरा टिक्का. ती मी कुणाला विकणार नाही हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. आणि खाजाभाईने जन्मभर दुसऱ्यांच्या म्हशी विकल्या, स्वतःच्या दारात एक बांधली नाही, हेही माहीत आहे. भाभी कितीदा तरी म्हणायच्या, घरात एक दुभतं असावं.

“आत्ता? इथं?” मी म्हणालो.

“मंग काय कबरीत?”

त्याने चादर हातावर ओढली. मी हात घातला. नाही म्हणायची ती वेळ नव्हती. मी पंजा धरला आणि वर दोन बोटं. त्याने नुसता पंजा धरला. मी एक बोट सोडलं. तो पंजावर ठाम. मी म्हटलं, बरं, आता पटवून टाकू, माणसाचं मन राखू, आणि दुसरं बोटही सोडायला लागलो, तर त्याने झटकन हात काढून घेतला.

“थांब,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ दे. सौदा अर्धा ठिवतोय मी.”

 सौदा अर्धा ठेवून उठलेल्याला पुरा करायला परत यावं लागतं. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो आणि तिथे मनसोक्त रडलो. एका नर्सने विचारलं, पेशंट कोण तुमचे? मी म्हटलं, गिऱ्हाईक.

ऑपरेशनचा दिवस कसा गेला ते मी सांगणार नाही, कारण मला तो आठवावासा वाटत नाही. संध्याकाळी सर्जन आले आणि म्हणाले, दोन्ही झडपा बसल्या, आता उद्या शुद्धीवर येतील तेव्हा बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभींना आत सोडलं. थोड्याच वेळात त्या बाहेर आल्या त्या पांढऱ्याफटक होऊन. “भिमाभाऊ, तोंडात नळी हाय, बोलता येत न्हाई. डोळे उघडलेत, पन माझा हात धरून बोटंच दाबतायत. सारखी तीच तीच बोटं. डोक्यावर तर न्हाई ना झालं काही? नर्स म्हनती भुलेचा अंमल हाय.”

“कुठली बोटं, भाभी?”

“अंगठा सोडून सगळी.”

 मी आत गेलो. नळ्या, तारा, टुकटुक करणारी यंत्रं, आणि मध्ये खाजाभाई. फेटा नसल्याने ओळखू येत नव्हता. चेहरा पिवळट, लालीचा मागमूस नाही, रेष हललेली नाही. डोळे माझ्यावर. मी चादरीखाली हात घातला. त्याने माझा हात चाचपला आणि चार बोटं धरली. नीट मोजून, एकेक. अंगठा बाजूला सारला.

परवा पंजा दिला होता. आज चार बोटं. मरणाच्या दारातून परत आलेल्या या माणसाने पहिलं काम काय केलं असेल तर माझ्या म्हशीचा भाव पाडला!

“नालायका,” मी म्हणालो, आणि हसू आणि रडू एकदमच आलं. नर्स धावत आली. मी तिला सांगितलं, डोकं ठिकाणावर आहे त्याचं, नको तितकं ठिकाणावर आहे. नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात त्याने खुलासा केला, “आरं, तुझी म्हस दोन दिसांनी म्हातारी झाली न्हाई का?”

आता तो बरा आहे. सूज गेली, धोतराची गाठ पुन्हा नीट बसते, टेम्पोपासून दावणीपर्यंत न थांबता जातो. गाठ आहेच. ती जाणार नाही, मॅडमनी तेही लपवलं नाही. महिन्याचं इंजेक्शन चालू आहे, वेळोवेळी हृदयाची तपासणी चालू आहे. बाजारात कुणी त्याच्या छातीकडे बोट दाखवून विचारलं तर म्हणतो, “दोन नवी फाटकं बसवलीत, गुराच्या कातड्याची. पडताळून घ्या.”

चांदी माझ्याच दावणीला आहे. ती मध्ये व्याली, रेडकू झालं. रोज सकाळी तिचं दूध आवेज घेऊन जातो, भाभी चहा करतात. सौदा मात्र अर्धाच आहे. दर महिन्याला इंजेक्शन घेऊन नगरहून परतताना, टेम्पोत, खाजाभाई रुमाल काढतो. तो चार बोटं धरतो, मी पंजा आणि एक. पटत नाही. रुमाल खिशात जातो. आवेज आरशातून बघून हसतो.

गेल्या खेपेला मॅडमनी तपासणी जरा जास्त वेळ केली. गाठीची पिल्लं किंचित वाढल्यासारखी वाटतात, म्हणाल्या, औषधात बदल करू, काळजीचं कारण नाही.  परतताना टेम्पोत खाजाभाईने रुमाल टाकला. माझा हात धरला आणि चार नाही, पंजाही नाही, पंजा आणि वर एक बोट दाबलं. म्हणजे माझाच आकडा. तो शेवटी माझ्या भावावर आला होता. नुसतं हो म्हणायचं बाकी होतं.

मी घाबरलो.  आणि विचार न करता मी पंजावर दोन बोटं दाबली.

खाजाभाईने हात सोडला नाही. माझ्याकडे वळून पाहिलं. बंद दुकानाची फळी जराशी उघडली.

“भाव वाढिवलास?”

“वाढवला. रेडकू झालंय तिला.”

“लबाडा,” तो म्हणाला, आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. “मंग यावं लागतंय पुढल्या म्हयन्याला.”